एका सायकलीचा चार्ज

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक हेड कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. एका किल्लीने तिजोरी उघडत नाही, त्यामुळे दोघांनाही सकाळी वेळेवर यावे लागते आणि संध्याकाळी एकमेकांची वाट पाहावी लागते. दोघांपैकी कुणी रजेवर निघाला, की तो दुसऱ्याला 'चार्ज' देतो. म्हणजे नुसती किल्ली हातात ठेवायची नाही. रोकड मोजून द्यायची, उणेअधिक असेल ते लिहून द्यायचे, आणि मग दोघांनी रजिस्टरात सह्या करायच्या.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका म्हाताऱ्या हेड कॅशियरकडून मी असा चार्ज घेतला. माणूस देवासारखा. त्याच्यासमोर त्याचीच पाकिटे मोजायची मला लाज वाटली, म्हणून नुसत्या नजरेने पाहून मी पेन उघडले. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "साहेब, मोजा. चांगल्या माणसाच्या नोटा मोजल्यानं त्याची इज्जत जात नाही." मोजल्या, तर दहाच्या एका पाकिटात नव्व्याण्णवच निघाल्या. म्हातारबोवांनी शांतपणे खिशातून दहाची नोट काढली, पाकिटात घातली नि म्हणाले, "आता करा सही."

पुढे तीस-पस्तीस वर्षांत मी किती चार्ज दिले-घेतले असतील, त्याची गणती नाही. एकदाही घोटाळा झाला नाही, असे मी कालपरवापर्यंत अभिमानाने सांगत असे. आता सांगत नाही. निवृत्तीनंतर मी एक चार्ज खोटा दिला. तिजोरीचा नव्हे, सायकलीचा.

आमचे घर बदलापूरजवळ सोनिवलीला. मुंबईत जागा परवडेना म्हणून एकेकाळी जी मंडळी कल्याणच्या पुढे सरकत सरकत गेली, त्यांतला मी एक. इमारती आता शेतात शिरल्या आहेत, तरी थोडे चालले की अजून भाताची खाचरे लागतात. मागे वीटभट्ट्यांचा धूर, उल्हास नदीवरचे धुके आणि थंडीत स्वेटर घालावा अशी खरीखुरी थंडी. मुंबईकर पंखा लावून झोपतात त्या रात्री आमच्याकडे शेकोटी पेटलेली असते.

सकाळच्या फिरण्यातून आमचे चौघांचे टोळके जमले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर, होमिओपॅथीचे डॉक्टर, मध्य रेल्वेवर लोकल चालवून निवृत्त झालेला मोटरमन आणि मी. नावाने कुणी कुणाला हाक मारत नाही. मास्तर, डॉक्टर, मोटरमन आणि मॅनेजर. रेल्वेने २०२२ साली गार्डचे नाव बदलून 'ट्रेन मॅनेजर' केले, तेव्हापासून मोटरमन मला आपला गार्ड समजतो. मी मागे बसून घंटा वाजवायची, गाडी त्याने चालवायची.

फिरता फिरता पायांऐवजी चाके कधी आली ते कळलेच नाही. डॉक्टरांना गुडघ्यांसाठी सायकल बरी वाटली. मग मास्तरांनी भाच्याची जुनी 'रेंजर' दुरुस्त करून घेतली आणि वर्षभरात आम्ही बारवी धरणापर्यंत जाऊन येऊ लागलो. मुळगावच्या खंडोबाला खालूनच हात जोडायचे, धरणाच्या रस्त्याला चहा घ्यायचा नि उन्हे चढायच्या आत परत यायचे. धरण एमआयडीसीचे, पण रस्ता रविवारी सायकलवाल्या पोरांचा असतो. हेल्मेट, गॉगल, घट्ट चड्ड्या. त्या पोरांनीच आम्हांला या भानगडीत ओढले.

चोवीस तासांची रिले करायची, असे त्यांनी ठरवले. एका टीममध्ये चौघे. डांबरी रस्ता नाही. शेताच्या बांधावरून, बैलगाडीच्या वाटेने, नाल्यातून नि टेकडीवरून जाणारी आठ किलोमीटरची एक फेरी. एकाने फेरी मारून यायचे नि दुसऱ्याने निघायचे, सकाळी सातपासून दुसऱ्या दिवशी सकाळी सातपर्यंत. ज्यांच्या फेऱ्या जास्त ते जिंकले. बक्षीस म्हणून जांभळाची रोपे. बदलापूरला दुसरे काय देणार?

ही कल्पना मूळची अमेरिकेतली. वेस्ट व्हर्जिनियातल्या केनान इथे १९९२ साली लेअर्ड नाइट नावाच्या गृहस्थाने डोंगरी सायकलींची चोवीस तासांची रिले सुरू केली. मग युटामधल्या मोआबच्या तांबड्या वाळवंटात १९९५ पासून २०१२ पर्यंत तिची मोठी जत्राच भरत असे. शेकडो तंबू, रात्रभर पेटलेले दिवे, नि एका तंबूत येणाऱ्याने जाणाऱ्याच्या हातात दांडी द्यायची. मास्तर हे ऐकून म्हणाले, "यात अमेरिकेचं काय? आपल्याकडे डाकेचे हरकारे हेच करत होते." ते खरेच. आणि आमच्या गावाचे तर नावच त्यावरून पडले, असे जुनी माणसे सांगतात. शिवाजीमहाराजांच्या स्वारांचे दमलेले घोडे इथे बदलले जात, म्हणून बदलापूर. दंतकथाच, पण रिलेला निघालेल्या म्हाताऱ्यांना ती फार उपयोगी पडली. घरच्यांच्या तोंडावर फेकायला इतिहास मिळाला.

माझ्या लहानपणीची सायकलची शर्यत म्हणजे शर्यतच नव्हे. तालुक्याच्या गावी मैदानात एखादा गडी यायचा आणि सात दिवस, सात रात्री सायकलवरून न उतरता गोल गोल फिरायचा. मध्यभागी बांबू, त्याला पेट्रोमॅक्स, कर्ण्यावर गाणी. तो सायकलवरच जेवायचा, सायकलवरच आंघोळ करायचा, दाढीसुद्धा करायचा. बायाबापड्या त्याच्या सदऱ्याला रुपयाच्या नोटा टाचायच्या. पाचव्या-सहाव्या रात्री त्याचे तारवटलेले डोळे पाहून मला रडू यायचे. त्याला वाटेल तेव्हा उतरता येत नव्हते, कारण त्याच्या जागी बसायला कुणी नव्हते.

रिलेत कुणीतरी असते. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर भावांची गोष्ट आमच्या डॉक्टरांना पाठ आहे. एक भूलतज्ज्ञ, दुसरा दंतवैद्य. २०१५ साली दोघांनी मिळून 'रेस अॅक्रॉस अमेरिका' पुरी केली. कॅलिफोर्नियातल्या समुद्रकाठच्या ओशनसाइडपासून पलीकडच्या समुद्राजवळच्या अॅनापोलिसपर्यंत, सुमारे ४८०० किलोमीटर. वाळवंट, रॉकी पर्वत, मग सपाट मैदाने, मग पुन्हा डोंगर. टीमला मुदत नऊ दिवसांची. हे दोघे त्या मुदतीच्या आत पोचले, आणि ती शर्यत टीम म्हणून पुरी करणारे ते पहिले भारतीय ठरले. एक भाऊ सायकलवर, तेव्हा दुसरा गाडीत पडलेला. दोन वर्षांनी, २०१७ साली, श्रीनिवास गोकुळनाथ या लष्करी डॉक्टरांनी आणि नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली. एकट्याचे कौतुक जास्त व्हावे हे बरोबरच. पण मला कुतूहल दुसऱ्याच गोष्टीचे. एक भाऊ रात्री गाडीत डोळे मिटून पडत असेल, तेव्हा बाहेर अंधारात चाललेल्या दुसऱ्याच्या चाकांवर त्याचा केवढा विश्वास असेल! आता आपल्याकडेही पुणे ते गोवा अशी 'डेक्कन क्लिफहँगर' होते, साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास, आणि ती एकट्याने किंवा टीमने, कशीही करता येते. आमची आठ किलोमीटरची फेरी त्यापुढे अंगणातली. पण अंगणातही पडता येते.

२० जानेवारी २०२४, शनिवार. संक्रांत नुकतीच झाली होती. पाच टीम होत्या. त्यांतल्या चार पोरांच्या नि पोरींच्या. कॉलेजातल्या चार मुलींची एक टीम होती आणि तिच्याशी आपली बरोबरी होईल, असे का कोण जाणे, आम्हांला आधीपासून वाटत होते. चढाला चालेल अशी सायकल आमच्यात एकच, माझ्या मुलाची. गिअरची, डिस्क ब्रेकची. म्हणून चौघांनी आळीपाळीने तीच चालवायची असे ठरले. सीट वरखाली करायला एक मिनिट. हातात द्यायला खूण म्हणून मी पितळी टोकन आणले होते, १७ नंबरचे. काउंटरवर पैसे काढायला आलेल्यांना पूर्वी देत असत तसले. कॉम्प्युटर आल्यावर टोकने गेली आणि निरोपाच्या वेळी शाखेतल्या मुलांनी त्यातले एक मला चौकटीत बसवून दिले. ते चौकटीतून काढून त्याला नाडी बांधली.

सायकल चालवणे सोपे असते, वाट पाहणे कठीण, हे दुपारपर्यंत कळले. तुमची फेरी पाऊण तासाची, आणि मग अडीच तास बसून राहायचे. पहिल्यांदा आम्ही गप्पा मारल्या, मग डबे उघडले, मग उगाच वेळा लिहून काढल्या. मास्तरांनी वहीत चार रकाने आखले. मास्तर अठ्ठेचाळीस मिनिटे, डॉक्टर पन्नास, मोटरमन सेहेचाळीस. मॅनेजर छप्पन्न. प्रत्येक फेरीला त्या रकान्यात माझाच आकडा मोठा. कुणी काही बोलले नाही, आणि बोलले नाहीत हेच मला टोचत राहिले.

संध्याकाळी शेतमालकाने पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी. मडके उपडे घालून भोवती पेंढा पेटवलेला. शेंगांचा तो वास आला नि मुंबईला राहायला गेलेल्या सगळ्या मंडळींची मला दया आली. मुलींच्या टीमने शेंगा फस्त केल्या आणि पुन्हा सायकलीवर बसल्या. आम्ही तेव्हा त्यांच्या मागे सात-आठ मिनिटांवर होतो. पाचांत पाचवे.

रात्री दीडच्या पुढे माझी सहावी फेरी आली. पौषातल्या दशमीचा चंद्र मावळतीकडे कलला होता. डोक्याला टॉर्च, अंगात स्वेटर. त्या फेरीत काय झाले ते मला सांगता येणार नाही, पण पाय हलके झाले. चढावर पहिल्यांदाच न उतरता गेलो. वीटभट्टीच्या निखाऱ्यांपाशी कुत्री भुंकली, तरी भीती वाटली नाही. टेकडीवरून नाल्याकडे उतरताना मागचा ब्रेक दाबला, तर लिव्हर हँडलला जाऊन टेकला. पुन्हा दाबला. पुन्हा तेच. पुढचा ब्रेक लागत होता. त्यावर आणि देवाच्या भरवशावर मी नाला ओलांडला आणि पुढे सपाटीला लागल्यावर जोर काढला.

तळावर आलो तर मास्तर वही घेऊन ओरडले, "त्रेचाळीस! मॅनेजर, त्रेचाळीस मिनिटं!" दिवसभरात आमच्यातला सगळ्यांत चांगला आकडा. मुली आता फक्त दोन मिनिटांनी पुढे होत्या. मोटरमन हेल्मेट घालून तयार. मी सीट खाली केली, टोकन त्याच्या गळ्यात घातले. त्याने विचारले, "काय, ठीक?"

मला ब्रेक आठवत नव्हता असे नाही. सांगितले असते, तर तो पोरांच्या मेकॅनिककडे गेला असता. पाच मिनिटे गेली असती. मग माझ्या त्रेचाळीस मिनिटांना काय अर्थ राहिला असता? हा सगळा हिशेब एका श्वासात झाला. मी म्हणालो, "ठीक आहे. पळ."

त्याने घंटी दोनदा वाजवली. लोकलमध्ये गार्ड गाडी सोडताना देतो तशी. मग गेला.

पंचवीस मिनिटांनी टेकडीकडून शिट्टी ऐकू आली. थांबून थांबून, बराच वेळ. मोटरमन उतारावरून सरळ नाल्यातल्या दगडांत गेला होता. त्याला पाहिले ते त्या मुलींपैकीच एकीने. आपली फेरी सोडून ती थांबली, त्याला हलू दिले नाही, आपले जाकीट त्याच्या अंगावर घातले आणि शिट्टी वाजवत राहिली. जिला गाठायला मी तो ब्रेक लपवला, तीच ही. हेल्मेटला तडा गेला होता, डोके वाचले. कॉलर बोन मोडले होते. डॉक्टरांनी पंचाने हात गळ्यात बांधला, एका पोराची गाडी आली, त्यात त्याला बसवले. जाताना त्याने डाव्या हाताने टोकन काढून मास्तरांच्या हातात दिले. "गाडी थांबवू नका," म्हणाला.

सायकल उचलून आणली. मेकॅनिक मुलाने हँडल सरळ केले आणि ब्रेक दाबून पाहिला. "काका, मागचा ब्रेक पूर्ण गेलाय. वायरचा नट ढिला होऊन वायर सरकलीय. कधीपासून?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. "तुझ्या फेरीत ठीक होता ना?"

"ठीकच होता," मी म्हणालो.

मुलाने पान्याने नट आवळला. तीन मिनिटेसुद्धा लागली नाहीत. मास्तर टोकन घालून निघून गेले आणि मी शेकोटीपाशी एकटा बसलो. पहाटेपर्यंत आम्ही दोघांनी उरलेल्या फेऱ्या मारल्या. माझी शेवटची फेरी एक तास दहा मिनिटांची झाली. प्रत्येक उतारावर मी उतरून चाललो. आम्ही पाचवेच आलो. मुली चौथ्या. जांभळाची रोपे पाचही टीमना मिळाली.

सकाळी दवाखान्यात गेलो. डॉक्टर चहा घ्यायला बाहेर गेले होते, वहिनी अजून यायच्या होत्या. मोटरमनच्या कॉटजवळ उभा राहून मी सांगून टाकले. ब्रेक गेलेला मला ठाऊक होता. तुलाही सांगितले नाही, नि मागाहून मास्तरांशीही खोटे बोललो.

तो बराच वेळ छताकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तीस वर्षं कारशेडमधून गाडी काढली. ब्रेक टेस्ट घेतल्याशिवाय कधी हँडल हलवलं नाही. पुढचा मोटरमन माझा सख्खा भाऊ असता तरी त्याच्याकडून घेतलेली गाडी मी तपासली असती. काल नाही तपासली."

"का?"

"तू दिलीस म्हणून. बँकेतला माणूस. मला वाटलं, ह्यानं दिलीय म्हणजे मोजूनच दिली असणार."

त्याने मला माफ केले असते किंवा शिव्या दिल्या असत्या, तर मी घरी जाऊन झोपलो असतो. त्याने तसे काहीच केले नाही. ब्रेक त्याने बघायचा होता, मी सांगायचा होता, दोघांनी आपापले काम केले नाही, असा रेल्वेच्या चौकशी अहवालासारखा निकाल देऊन त्याने पाणी मागितले. मास्तरांना मी त्याच दिवशी सांगितले. त्यांनी वही उघडली, माझ्या त्रेचाळिसावर आडवी रेघ मारली आणि वही मिटली.

नंतर झोप येत नसे तेव्हा मी या डोंगरी सायकलींविषयी मिळेल ते वाचत बसलो. तिचा जन्म झाला तोच ब्रेकच्या काळजीतून, हे तेव्हा कळले. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मॅरिन नावाचा परगणा आहे. तिथल्या चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ वगैरे पोरांनी १९३०-४०च्या काळातल्या जाड टायरांच्या भंगार सायकली जमवल्या आणि १९७६ पासून एका डोंगराच्या कच्च्या उतारावरून त्यांच्या शर्यती लावल्या. त्या सायकलींना हाताचे ब्रेक नसत. पायडल उलटे मारले की मागच्या चाकाच्या हबमधला ब्रेक लागे. एका उतारात तो इतका तापे, की आतल्या ग्रीसचा धूर होऊन जाई, आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. या पुन्हा भरण्यावरूनच शर्यतीचे नाव पडले 'रिपॅक'. नवा उतार उतरायच्या आधी ही अर्धी दाढी फुटलेली, लांब केसांची पोरे हब उघडून बसत होती. साठी उलटलेला बँक अधिकारी मात्र नुसता ठीक आहे म्हणून मोकळा झाला.

वहिनींना मोटरमनने काही सांगितले नव्हते. मी सांगितले. हे शहाणपण होते की माझ्या जिवाची सोय, ते मला अजून ठरवता आलेले नाही. रथसप्तमीच्या आधी दोन दिवस मी त्यांच्याकडे गेलो होतो. मोटरमन हात गळ्यात अडकवून टीव्ही पाहत होता. वहिनींनी वाटी पुढे केली. "तिळगूळ घ्या," म्हणाल्या, आणि पुढचे दोन शब्द न बोलता आत गेल्या. चहा मिळाला, पण मुलीच्या हाताने. वहिनी माझ्याशी पुन्हा नीट बोलू लागल्या त्या पावसाळा संपता संपता.

हाड सहा-सात आठवड्यांत जुळले. खांदा मात्र पूर्ण वर जात नाही. लोकलमध्ये वरची कडी धरायला त्याला डावा हात वापरावा लागतो. पुढच्या थंडीत, त्याला कंटाळा आला म्हणून, आम्ही पुन्हा बारवीच्या रस्त्याला लागलो. पोरांच्या चोवीस तासांच्या फंदात आता पडत नाही. रविवारी सकाळी दोघांत एक सायकल नेतो, अर्धी वाट त्याची, अर्धी माझी. ज्याची पाळी नसेल तो रिक्षाने पुढे जाऊन चहाच्या टपरीवर बसतो. टपरीवाल्याला यातले काही कळत नाही, पण त्याने विचारणे सोडून दिले आहे.

टपरीशी सायकल थांबवून मी उतरतो. मोटरमन चहाचा ग्लास खाली ठेवतो, दोन्ही ब्रेक एकेक करून दाबतो, मागचे चाक उचलून फिरवतो, टायरवर अंगठा दाबतो. मी गळ्यातले टोकन काढतो, पण तो हात पुढे करत नाही. माझ्याकडे पाहत उभा राहतो.

"मागचा ब्रेक ठीक," मी सांगतो. "पुढचा थोडा सैल आहे, उतारावर जपून. तिसरा गिअर पडताना अडकतो. हवा कालच भरलीय."

"आणि?"

"घंटी वाजत नाही."

तो टोकन घेतो, गळ्यात घालतो, सीटवर बसतो आणि तोंडानेच दोनदा "टिंग टिंग" करून निघतो.